चार पत्रकांच्या कोपऱ्यावर

आमचं खोरं नेमकं चार नकाशांच्या कोपऱ्यावर येतं.
आयर्न फोर्कच्या पत्रकात त्याचं डोकं,
लोन सॅडलमध्ये खांदा,
उरलेल्या दोघांत पाय आणि थोडी सावली.
आईनं चारी कागद कणकेच्या खळीनं जोडले
आणि जेवणाच्या टेबलामागे ठोकले.
खळ उलली ती नेमकी आमच्याच झऱ्यापाशी.

दर चाळीस फुटांवर एक तपकिरी रेघ.
रेघा दाटल्या की कडा, विरळल्या की कुरण,
पाचवी जाड, तिच्या पोटात आकडा.
हे वाचायला मला ओसाबानं शिकवलं.
ओसाबा म्हणजे आमच्या बास्क भाषेत मामा, काकाही तोच.
त्याला स्वतःला लिहिता यायचं ते एकच, आपलं नाव.

बेत्री बिदेगाराय.
पिरेनीजमधून एकोणिसाव्या वर्षी आयडाहोत आला.
दोन हजार मेंढ्या, एक कुत्रं, एक खेचर,
आणि जून ते सप्टेंबर बोलायला कोणी नाही.
म्हणून अ‍ॅस्पेनच्या सालीवर चाकूच्या टोकानं नाव.
खोल कोरायचं नाही, म्हणायचा, नुसतं ओरखडायचं,
झाड आपल्या सवडीनं ते ठळक करतं.

बासष्ट साली सर्व्हेवाले आले,
तिपाई, पितळी चकत्या, सोललेली नाकं.
इथं पाणी कुठे आहे, विचारलं.
ओसाबानं काठी उचलली
आणि धारेपलीकडचा उतार दाखवला. चुकीचा.
त्या साली शेजारच्या कळपाचा मालक आमच्या पाण्यावर टपून होता.
साधी थाप, फार तर त्या मोसमापुरती.
ती निळ्या शाईत छापून आली:
एक ठिपका, त्याला बारीक शेपटी,
शेजारी तिरप्या अक्षरांत बिदेगाराय स्प्रिंग.
ओसाबा आठवडाभर हसत होता.
स्पेलिंग मात्र बरोबर होतं.

पुढे कायदा झाला. त्या रानात चाक नको, यंत्राची करवत नको.
मेंढ्याही उतरल्या, त्या उतरल्याच.
मी खेचरं हाकते, पायवाटा साफ करणाऱ्यांचं सामान वर पोचवते.
एका ऑगस्टात तो माणूस दिसला,
नकाशा मांडीवर, बाटली कोरडी,
बोट निळ्या ठिपक्यावर.
मी बरोबर जागी आहे ना, म्हणाला.
होता. अगदी बरोबर जागी होता.
माझी पखाल त्याच्या तोंडाला लावली. बाकी काही बोलले नाही.

मग वणवा. अकरा दिवस.
कागदावर तिथं अजून हिरवं आहे,
जमिनीवर काळे खांब आणि त्यांच्या पायाशी गुलाबी फायरवीड.
अ‍ॅस्पेन गेले. सालीसकट, नावासकट.

गेल्या जुलैत लिनेया स्ट्रँड नावाची मुलगी आली,
नवी आवृत्ती निघणार म्हणून,
हातात उपग्रहांशी बोलणारी डबी.
झऱ्याची जागा खात्रीनं सांगाल का, म्हणाली.
माझ्या हातात काठी होती.
खोटं कशाला बोलू, काठी धारेपलीकडे वळलीही,
पण त्या माणसाचे ओठ आठवले,
पांढरे, पोपडे धरलेले.
नेलं तिला. अर्धा मैल चढ,
मग ज्युनिपरखालचा गारवा, मग तो बारीक आवाज.
ती ओंजळीनं प्यायली आणि ओल्या बोटांनी आकडे टिपले.

नवं पत्रक टपालानं आलं.
ठिपका सरकला होता, धार ओलांडून अलीकडे.
शेजारी नुसतं स्प्रिंग.
नावाला पुरावा सापडला नाही, असं सोबतच्या पत्रात होतं, नम्रपणे.
त्या अख्ख्या डोंगरात
ओसाबाची आता थापसुद्धा उरली नाही.

परवा जुने कागद पुन्हा चिकटवायला घेतले.
उललेला कोपरा उचलला तर मागे पेन्सिलीनं आईचं अक्षर:
इथं पाणी नाही. बेल्त्साला विचारा.

बेल्त्सा आमचं काळं खेचर.
ते त्या उताराकडे कधी वळलंच नाही.